तिवरांखालच्या बारा जाळ्या

१६ जून, सकाळी ७.१०
रिटायर होऊन अडीच महिने झाले. आराम पुरे. आजपासून काम.

वैदेही काल सहा महिन्यांच्या फेलोशिपवर जर्मनीला गेली. तिच्या पीएचडीचं फील्डवर्क आता माझ्याकडे. विषय खारफुटीचा. खाडीतली तिवरं वर्षाला किती पाला टाकतात, त्यावरून ते जंगल किती वाढतं आणि हवेतला किती कार्बन चिखलात गाडून ठेवतं, याचा हिशोब. डोंबिवलीच्या पुढे खाडीकाठी तिने झाडांखाली बारा जाळ्या टांगल्यात. प्रत्येक जाळी एक मीटर बाय एक मीटर, भरतीच्या पाण्याच्या वर. दर पंधरवड्याला जायचं, जाळीतला पाला पिशवीत भरायचा, घरी आणून सत्तर डिग्रीला तीन दिवस वाळवायचा, वजन करायचं, रजिस्टरला लिहायचं. बस.

ती असिस्टंट ठेवणार होती. मी म्हटलं, अंबरनाथला एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलची लॅब चालवलेला बाप घरात बसलेला असताना? उमा म्हणाली, तुम्हाला सांगून तीन महिने झाले, बाथरूमचा नळ अजून गळतोय. तिला विषयांतराची सवय आहे.

ठरलं. रोज पाचला उठणे. रोज एक शोधनिबंध वाचणे. वैदेही परत येईपर्यंत स्वतःचाही एक छोटा पेपर लिहून ठेवणे. तिला सरप्राइज.

१७ जून
उठायला साडेआठ. पहिला दिवस धरायचा नाही.

२२ जून
पौर्णिमा. पहिली फेरी. बदलापूरच्या कात्रपहून स्कूटरने पावणेपाचला निघालो. ॲपवर ओहोटी ६.०५. सहाला साइटवर हजर. पाणी काठोकाठ. जाळ्यांच्या खाली नुसता समुद्र. ॲप चुकीचं निघालं. पावसात दोन तास बसून राहिलो.

आठच्या सुमारास एक बाई आली. साठीची असेल. कमरेला टोपली, हातात लोखंडी आकडा. इंदुबाई. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते. वैदेहीला चांगली ओळखते. मी ॲपची तक्रार केली तर म्हणाली, "भाऊ, तुमच्या मोबाइलमधी मुंबईचं पानी हाय. हितं यायला त्याला दोन तास लागतान."

मुद्दा नोंदवून घेतला. स्थानिक माहिती उपयोगी पडते.

मग आत उतरलो. तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत. चिखल म्हणजे चिखल नाही, लोणी आहे. इंदुबाईने दंडाला धरून ओढून काढलं. उजवा गमबूट साइटवरच राहिला. ती म्हणाली मुळं बघून पाय टाका. तिवरांची मुळं पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. ती असतात तिथे जमीन धरते. हे वैदेहीने सांगायला हवं होतं. (रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलंय म्हणे. पहिली पानं कोण वाचतं?)

दोन जाळ्या कशाबशा मी केल्या, पुढच्या दहा इंदुबाईने. मी बांधावरून सुपरव्हिजन केलं. फील्डमध्ये सुपरव्हिजन महत्त्वाचं.

२३ जून
वाळवणीसाठी आपल्या लॅबचा ओव्हन. एका फोनचं काम. राजेशला मीच घडवला, आता माझ्या खुर्चीत बसतो. फोन लावला. मीटिंगमध्ये होता.

२४ जून
राजेश मीटिंगमध्ये.

२५ जून
राजेशचा मेसेज. बाहेरचं सॅम्पल आत घ्यायला परवानगी लागते, सर. मी असताना अशी शिस्त नव्हती. पाल्याला पिशवीत बुरशी.

घरच्या ओव्हनमध्ये ठेवला. उमा भाजीला गेली होती. आली तेव्हा घरभर खाडीचा वास. वर चार नंबरचा पाला जळलेला. तिने ओव्हन पुसला, खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ जुलै
दुसरी फेरी. इंदुबाई आता चांगली तयार होते आहे. मी तिला ट्रेन करतोय. पाला, फुलं, फळं वेगवेगळ्या पिशव्यांत टाकायची, हे मी सांगायच्या आत ती करते. आकलन चांगलं.

दोन जाळ्या फाटलेल्या. येताना उल्हासनगरला वाकडी वाट करून गेलो. सिंधी दुकानदार म्हणाला, साईं, मच्छी के लिए चाहिए या क्रिकेट के लिए? मी सांगितलं, कार्बन के लिए. तो वरच्या मजल्यावर भावाला विचारायला गेला. शेवटी मच्छरदाणीची जाळी दिली. तीच बरोबर होती.

उमाने वाळवणीचं काम स्वतःकडे घेतलं. म्हणाली, माझा ओव्हन, माझे हात. वजनंही तीच करते, आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या नोंदींच्या खाली लिहिते. मी तिथून रजिस्टरला उतरवतो. याला डिव्हिजन ऑफ लेबर म्हणतात. कम्पायलेशन हेच खरं जोखमीचं काम.

२१ जुलै
गुडघा. गेलो नाही.

२२ जुलै
काल इंदुबाईने एकटीनेच बारा जाळ्या काढून पिशव्या तिच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. प्रत्येक पिशवीला सुतळीच्या गाठी. एक नंबरला एक, बारा नंबरला बारा. मी मार्करने नंबर घालायला सांगणार होतोच. तिची पद्धत चालेल. पिशव्या आणल्या. चहा प्यायलो. निरीक्षण: ट्रेनिंग नीट दिलं की माणसं स्वतंत्रपणे काम करतात.

४ ऑगस्ट
गटारी. रस्त्यावर माणसं कमी. इंदुबाई बांधावर माझी वाट बघत होती. म्हणाली, भाऊ, काल त्या कडंला ट्रक आले. तीन ट्रक. भिंती पाडलेल्याचा राडारोडा टाकून गेले. नऊ नंबरच्या पलीकडं.

मी बघितलं. रस्त्याच्या बाजूने विटा, काँक्रीटचे तुकडे, तुटक्या लाद्या. दहा-बारा फूट आत आलेलं. फारसं नाही.

म्हणाली, "हे वहीत लिवा ना. पोरीला कळवा."

मी समजावून सांगितलं. रजिस्टर पाल्याचं आहे. राडारोडा स्कोपमध्ये येत नाही. स्कोप सोडून लिहायला लागलं की डेटा खराब होतो. तिने मान हलवली. पटलं असावं.

२० ऑगस्ट
काल नारळी पौर्णिमा. इंदुबाईला सुट्टी दिली. (ती तशीही येणार नव्हती.) आज गेलो. गुडघा बरा, पण पाऊस. पाला तिनेच काढला. ट्रक पुन्हा आले होते. पाणी आत यायचा नाला बुजला म्हणाली. इकडचं पाणी तिकडे जाईना, पावसाचं साचलेलं बाहेर पडेना. वहीचं पुन्हा काढलं. मी म्हटलं, बघू.

पेपर वाचन: जूनपासून एक. पहिलं पान. चांगला वाटतोय.

२ सप्टेंबर
मोठा दिवस!

नऊ ते बारा नंबरमध्ये पाला दुप्पट. दुप्पट! उमाने दोनदा तोललं. बाकीच्या आठ जाळ्या नेहमीसारख्या, आणि या चार एकदम उसळल्या. दुपारभर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हेक्टरी आकडा काढला, वर्षाचा काढला, त्यातून कार्बन काढला, मग उमाला सांगितलं की आपल्या खाडीची ही चार झाडं जगातल्या उत्तम जंगलांच्या बरोबरीने काम करताहेत. ती म्हणाली, अचानक का पण? मी म्हटलं, खतपाणी. सांडपाण्यातून मिळत असणार.

वैदेहीला मेसेज: रेकॉर्ड प्रॉडक्टिव्हिटी. तिने लगेच विचारलं, कुठल्या जाळ्या? फोटो पाठवा ना. सकाळचा होता तो पाठवला. दोन्ही हातांत पिशव्या धरून मी. मागे आभाळ. छान आलाय. तिने लिहिलं, बाबा, झाडांचा हवाय. पुढच्या वेळी पाठवीन.

९ सप्टेंबर
सोसायटीच्या गणपतीत माझं व्याख्यान. "आपली खारफुटी, आपला कार्बन." सात माणसं. पैकी चार आरतीसाठी लवकर आलेली. पहिला प्रश्न: बदलापूरला खाडी कुठे आहे? मी सांगितलं, आपली उल्हास नदीच पुढे खाडी होते. आपण जे सोडतो ते त्या झाडांपर्यंत पोचतं. दुसरा प्रश्न: मग पार्किंगचं काय ठरलं?

एकंदर प्रतिसाद चांगला.

१८ सप्टेंबर
नऊ ते बारा अजून वर. पिशव्या पुरेनात. पाला मात्र पिवळा, काही काळपट. फळं हिरवीच गळलेली. इंदुबाई पिशवी भरता भरता म्हणाली, "झारां पाला टाकतान ते खुशीनं नाय टाकत, भाऊ."

नोंद घेतली: लोकसमजुती. पेपरमध्ये एक परिच्छेद देता येईल.

ती मला नऊ नंबरच्या बुडाशी नेऊन दाखवत होती. मुळं विटांखाली गेली होती, वर हिरवं, वास मारणारं पाणी साचलेलं. म्हणाली, हितं मना दिवसाला दोन डझन चिंबोऱ्या गावायच्या. आता हात घालवत नाय. मी म्हटलं, तक्रार करायला पाहिजे कुणीतरी. ती माझ्याकडे बघत राहिली.

फोटो राहिला. बॅटरी.

२ ऑक्टोबर
तिप्पट. वैदेहीचा फोन. आनंद होईल वाटलं होतं. ती म्हणाली, बाबा, चारच जाळ्यांत असं होत नाही. तिथे काही झालंय का? मी म्हटलं, काही नाही, थोडं डेब्रीज आहे रस्त्याच्या बाजूला. तिने विचारलं, थोडं म्हणजे किती? मी म्हटलं, थोडं. मग तिकडे कुणीतरी तिला हाक मारली. म्हणाली मी तुम्हाला सविस्तर मेल करते.

मेल आला. लांब आहे. शांतपणे वाचायला हवा. रविवारी.

१७ ऑक्टोबर
गडबड आहे. नऊ ते बारामध्ये मिळून मूठभर पाला. एवढा उतार शक्य नाही. शक्यता: (अ) वारा, (ब) कुणीतरी जाळ्या रिकाम्या केल्या, (क) इंदुबाईने घाई केली. क बद्दल तिला सौम्यपणे विचारलं. तिने माझा हात धरून मला झाडाखाली उभं केलं आणि वर बघायला सांगितलं.

वर आभाळ दिसत होतं. फांद्यांमधून बरंच आभाळ.

पानझड असेल. ऑक्टोबर आहे.

संध्याकाळी रजिस्टरमध्ये सरासरी भरली. मागच्या तीन फेऱ्या, भागिले तीन. लॅबमध्ये एखादं रीडिंग वेडंवाकडं आलं की आम्ही पुन्हा टेस्ट करायचो. इथे पुन्हा करता येत नाही, म्हणून सरासरी. तत्त्व तेच.

२७ ऑक्टोबर
मेल वाचायचा राहिलाय.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. गेलो नाही. कोण जातं?

उमाने फराळाचे डबे काढताना रजिस्टर उघडलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग कॅलेंडर घेऊन आली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "हे आकडे मी तोललेले नाहीत." मी स्मूदिंग म्हणजे काय, वेडेवाकडे आकडे सरासरीने सरळ करणं, ते समजावलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, ही पोरीची पीएचडी आहे." आणि चकल्या तळायला गेली.

वर्षाच्या सणाला असं बोलायचं असतं का?

२ नोव्हेंबर
मेल वाचला. पाणी अडलं की तिवरांची मुळं गुदमरतात. आधी झाड सगळा पाला टाकतं, मग थांबतं. नाला लगेच मोकळा झाला तर वाचू शकतं. प्लीज आजच फोटो पाठवा, मी इथून तक्रार करते. तारीख २ ऑक्टोबर.

उद्या जातो.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. बहीण आली होती डोंबिवलीहून. तिला सोडायला गेलो, तिथून खाडी जवळच. पण अंगात नवा झब्बा.

१५ नोव्हेंबर
गेलो. गुडघा दुखत होता तरी गेलो, याची नोंद असावी.

चारही झाडं उघडी. आजूबाजूची आणखी पंधरा-वीस तशीच. साल सुटायला लागलेली. राडारोड्यावर आता सपाट रस्ता केलाय, ट्रक आत वळायला. इंदुबाईने पहिल्या आठ जाळ्या काढल्या, पिशव्यांना गाठी मारल्या आणि मला दिल्या. नऊच्या पुढे गेली नाही. वहीचं काही बोलली नाही. मी वाट बघत होतो बोलेल म्हणून.

फोटो काढले. अकरा. पाठवले नाहीत. वैदेही महिन्याने येणारच आहे. तिकडे परक्या ठिकाणी एकटीला कशाला ताप?

१५ डिसेंबर
वैदेही काल आली. विमानतळावर गळ्यात पडली. आज सकाळी आठला आम्ही तिघंही साइटवर. उमा पहिल्यांदाच आली. इंदुबाई बांधावर वाट बघत होती.

वाटेत मी ठरवून ठेवलं होतं की आधी एक ते आठ दाखवायच्या. ती सरळ नऊकडे गेली. खोडाला हात लावला. नखाने साल उकरली, आत कोरडं. मग दहा. मग अकरा. बाराच्या पुढे जाऊन उभी राहिली, पाठ आमच्याकडे. उमा तिच्याजवळ गेली.

मी म्हटलं, तरी आपल्याकडे सप्टेंबरचा रेकॉर्ड डेटा आहे. हेक्टरी कार्बनचा आकडा मी काढून ठेवलाय.

ती वळली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला जमलं असतं. ती म्हणाली, "बाबा, कार्बन पाल्यात थोडाच असतो. तो खाली आहे, या चिखलात. शेकडो वर्षांचा. ही झाडं तो धरून बसली होती."

मग विचारलं, ट्रक पहिल्यांदा कधी आले?

मी म्हटलं, बघावं लागेल. इंदुबाई म्हणाली, गटारीच्या आदल्या दिशी. भाऊंना मी दुसऱ्याच दिशी दाखवलं.

वैदेहीने माझ्याकडे बघितलं नाही. हे तिने माझ्यासाठी केलं, हे मला कळलं.

१६ डिसेंबर
रजिस्टर आणि कॅलेंडर शेजारी ठेवून मायलेकी दिवसभर बसल्या. एक ते आठचे आकडे कॅलेंडरवरून पुन्हा उतरवले. ते वापरता येतील. नऊ ते बाराच्या माझ्या सरासऱ्यांवर वैदेहीने पेन्सिलीने हलकी रेघ मारली. खोडून टाकलं नाही. म्हणाली, कुठे काय झालं ते दिसायला हवं.

मी चहा केला. साखर विसरलो. दोघींनी प्यायला.

१९ डिसेंबर
वन खात्याच्या ऑफिसात तक्रार द्यायला गेलो. वैदेही, इंदुबाई आणि मी. मी यावं असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं, मी बघितलंय, मी येतो.

साहेब तरुण होते. सगळं वाचलं, नकाशा बघितला, फोटो बघितले. फोटो नोव्हेंबरचे. म्हणाले, ऑगस्टमध्ये कळलं असतं तर नाला उकरून पाणी आत घेता आलं असतं. आता गुन्हा नोंदवू, भराव काढायला लावू, पण ही झाडं गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, काका, तुम्ही दर पंधरा दिवसांनी तिथे जात होता ना?

हो.

मग?

उत्तर तयार होतं. स्कोप. रजिस्टर. डेटाची शुद्धता. चार महिने मी ते स्वतःला देत होतो. मी टेबलावरचे फोटो सारखे करायला लागलो. शेजारच्या खुर्चीवरून इंदुबाई म्हणाली, "भाऊंचा गुडघा दुखत होता, सायेब."

तिने हे माझी टिंगल करायला म्हटलं नाही. मला सांभाळून घ्यायला म्हटलं. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला.

येताना इंदुबाई स्कूटरवर मागे बसली होती. मी विचारलं, आता चिंबोऱ्या कुठे धरता? म्हणाली, पलीकडं जाते, पुलाच्या खालती. लांब पडतं. पाय दुखतान.

३० डिसेंबर
अमावस्या. सकाळी साडेआठला साइटवर. रजिस्टर आता उमाकडे. इंदुबाई आत उतरून सांगते, उमा बांधावरून लिहिते, वैदेही चिखलाचे नमुने घेते. तिघींचं जमलंय. मी विचारलं, मी काय करू? वैदेही म्हणाली, बाबा, तुम्ही बसा ना जरा.

काम साडेदहाला संपलं. भराव अजून तसाच आहे. नोटीस लागलीय, पत्र्यावर. तिघी इंदुबाईच्या घरी जेवायला गेल्या. मला भूक नव्हती. बांधावर बसून राहिलो.

दीडच्या सुमारास भरतीचं पाणी झाडांत शिरायला लागलं. एक नंबरखालची मुळं बुडाली, मग दोन, तीन. पाणी आवाज न करता येतं. आठ नंबरपर्यंत आलं.

पावणेतीनपर्यंत बसलो. पुढे गेलं नाही.